वॉचमन चहाला गेला

“नाना, खाली उजव्या कोपऱ्यात ती लाल ढाल दिसतेय ना, तिला हात लावू नका,” व्यंकटेश फोनवर म्हणाला.

मी माऊसचा बाण नेऊन नेमका त्या ढालीवर ठेवला.

“लावला का?”

“नाही.”

“नाना, मला इथून कळतं सगळं.”

फोन स्पीकरवर होता. शेजारी पलंगावर नागनाथ बसला होता. हे ऐकून त्याने खांद्यावरचा टॉवेल पोटावर ओढला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “पुण्यातून कळतं? मग मी बनियनवर बसलोय ते पण कळत असेल की बे.”

“त्याला कॉम्प्युटरचं कळतं. तुझं पोट नाही.”

“कोण आहे तिकडे? नागनाथमामा?” व्यंकटेशचा आवाज चढला. “मामा, तुम्ही तरी समजवा त्यांना.”

“त्यासाठीच आलोय रे बाबा,” नागनाथ मोठ्याने म्हणाला आणि मला डोळ्याने खुणावलं. दाब.

मी दाबलं.

तो कॉम्प्युटर अनसूयेचा होता. अनसूया माझी बायको. तिला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ती नक्षी काढायची, सोलापुरी चादरीवरची. मोर, गुलाब, कमळ, व्यापारी मागेल ते. तिचे वडीलही नक्षीच काढायचे, चौकटीच्या कागदावर ब्रशने एकेक घर भरत. पुढे धंदा कॉम्प्युटरवर गेला, तेव्हा अनसूयेने चाळिशी ओलांडल्यावर तो शिकून घेतला. एक नक्षीवाला धंदा मोडून सुरतेला निघाला होता, त्याचा जुना कॉम्प्युटर घेतला. नक्षीचा प्रोग्रॅम त्यात आधीपासूनच होता. तो कुठून आला हे ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं. व्यंकटेश त्याच प्रोग्रॅमच्या कमाईवर इंजिनिअर झाला.

सासऱ्यांचा एक नेम होता आणि तो अनसूयेने शेवटपर्यंत पाळला. नक्षी मागावर विणून उतरेपर्यंत घरच्यांनी ती बघायची नाही. सासरे म्हणायचे, बघितलं की माणूस बोलतो, आणि बोललं की काढणाऱ्याचा हात बदलतो. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तिचं टेबल आतल्या भिंतीला. त्यामुळे ती कामाला बसली की मी माझी खुर्ची दाराशी नेऊन गल्लीकडे तोंड करून बसायचो. चहा घ्यायचो, पेपर वाचायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचो. ती मागून बोलायची, मी पुढे बघून उत्तर द्यायचो. सवय झाली की त्यात काही वाटत नाही.

म्हणून तिचं काम मला डोळ्यांनी माहीत नव्हतं, कानांनी माहीत होतं. रेघ ओढतानाचा आवाज वेगळा, रंग भरतानाचा वेगळा. नक्षी पुरी झाली की पंच काढायचं असतं, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठे भोक पाडायचं त्याची फाईल. ती पंचिंगच्या दुकानात द्यायची, तिथे पुठ्ठ्याची कार्डं निघतात, ती ओवून मागावर चढवली की माग नक्षी विणतो. तर पंच काढायच्या वेळी अँटिव्हायरस दर वेळी आडवा यायचा. व्यंकटेशने नोकरी लागल्यावर पहिल्यांदा तो बसवून दिला, तेव्हापासूनचं हे. अनसूया त्याला वॉचमन म्हणायची. “जा रे वॉचमन, चहा पिऊन ये,” म्हणायची, आणि बटणाचे आवाज यायचे. एक टक, मग जरा थांबून दोन. पंच निघालं की म्हणायची, “ये आता, बस जागेवर.” इतकी वर्षं तो रोज चहाला गेला आणि रोज परत आला. काही झालं नाही.

ती गेल्यावर दिवसकार्यासाठी व्यंकटेश आला होता. रिकामं बसवेना म्हणून त्याने कॉम्प्युटर साफ केला आणि नवीन अँटिव्हायरस घातला. हा जास्त कडक. त्याने नक्षीचा अख्खा प्रोग्रॅमच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकला. हा शब्द तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत झालेला होता. व्यंकटेशने चांगल्यासाठीच केलं, ते मला मान्य आहे. पण त्या प्रोग्रॅमशिवाय उघडणार नाही अशी एक नक्षी आत राहिली होती. तिची शेवटची.

दवाखान्यात न्यायच्या सकाळी ती टेबलावरून उठली आणि म्हणाली, “झालं. पंच तेवढं काढायचं राहिलं. आल्यावर काढते.” रिक्षात बसताना परत म्हणाली, “नागनाथअण्णांना सांगा, मोठा माग एवढ्यात मोडू नका.”

ती आली नाही.

मोठा माग म्हणजे नागनाथच्या शेडमधला. नागनाथ चिट्याल माझा गिरणीतला दोस्त. मी गिरणीत जॉबर होतो, माग दुरुस्त करणारा, आणि तो विणकर. गिरणी बंद पडल्यावर त्याने स्वतःची शेड टाकली. त्याच्याकडे एक माग असा होता की त्यावर पूर्वी भिंतीवर लावायची देवादिकांची चित्रं विणायचे. साध्या मागावर छोटी नक्षी पुन्हापुन्हा येते, याच्यावर चादरभर एकच चित्र बसायचं. पण आता शेड विकली होती. बाकीचे माग भंगारात गेले होते. हा एकटा उरला होता.

“शनिवारपर्यंत थोपवलंय भंगारवाल्याला,” नागनाथ मला सांगून गेला होता. “पुढे तो माझ्या बापाचं ऐकणार नाही. वहिनीचं काय असेल ते आण लवकर.”

म्हणून आम्ही दोघे म्हातारे त्या सोमवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो.

मी उजवं बटण दाबलं. यादी उघडली. नागनाथने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. “थोड्या वेळासाठी बंद, असं काहीतरी लिहिलंय. दाब ते.”

एक टक. थांबलो. दोन टक. अनसूयेच्या हातचा आवाज माझ्या हातातून आला. लाल ढाल करडी झाली.

“गेला का चहाला?” नागनाथने विचारलं.

उत्तर द्यायच्या आत ढाल पुन्हा लाल झाली.

“मीच चालू केला परत,” फोनमधून व्यंकटेश म्हणाला. “नाना, तुम्ही बंद केला की माझ्या मोबाईलवर येतं. इथून चालू करता येतो मला.”

“असं?” मी म्हणालो, आणि परत बंद केला.

त्याने परत चालू केला.

मी बंद. तो चालू. बापलेकाचं असं चार-पाच वेळा झालं. नागनाथ एकदा स्क्रीनकडे बघे, एकदा फोनकडे. “लहानपणी दिव्याच्या बटणाशी असंच करायचा हा,” तो म्हणाला. “अनसूया वहिनीने एक दिली होती पाठीत.”

“नाना, हे हसण्यावारी नेऊ नका,” व्यंकटेश म्हणाला. “मी तपासलंय. तो प्रोग्रॅम चोरीचा आहे. कुलूप तोडून कुणीतरी वाटलेला. त्यात खरंच घाण आहे. अँटिव्हायरस उगाच नाही पकडत.”

“तुझी अम्मा वीस वर्षं चालवत होती.”

“तेव्हा नेट नव्हतं. नंतर होतं तेव्हा नशीब होतं. आणि आता तुम्हाला असले फोन येतात. परवा त्या बँकवाल्या भामट्याशी तुम्ही तासभर बोलत बसलात.”

“त्याला शिव्या देत होतो. तेलुगूतून. त्याला वाटलं मी नंबर सांगतोय.”

नागनाथ खोकायच्या मिषाने हसला.

“नाना, माझं ऐका. मी रविवारी येतोय तुम्हाला पुण्याला न्यायला. सगळं नीट करतो. ती फाईल मी घेऊन जातो, चांगल्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघतो.”

“तू बघितलंस की उघडून. नुसते पट्टे आले.”

“दुसऱ्या कुणाला दाखवतो.”

“दाखवायची नसते ती. आणि रविवारी माग नसेल.”

 तो हळू आवाजात म्हणाला, “नाना, अम्माचे फोटो आहेत त्यात. सगळे. माझ्या लग्नाचे, तिरुपतीचे, दवाखान्यातला शेवटचा. माझ्या फोनमधलेही मी तिथेच काढून ठेवले, कॉपी घेतलेली नाहीये अजून. त्या घाणीने डिस्क गेली तर?”

हे मला माहीत नव्हतं. नागनाथकडे बघितलं. तो टॉवेलच्या कडेचे दोरे मोजल्यासारखा खाली बघत होता.

“मग सांग कुठे आहेत ते. नागनाथच्या पेनड्राईव्हमध्ये घेतो.”

“तो पेनड्राईव्ह तर लावूच नका! दहा पंचिंगच्या दुकानांतून फिरून आलेला असतो तो. नाना, सहा दिवस थांबा. एक नक्षीच आहे ना? अम्माने शेकडो काढल्या. बाजारातून तिची कुठलीही चादर मी आणून देतो. फोटो कुठून आणणार?”

तो चुकीचं बोलत नव्हता. आज इतक्या वर्षांनीही मी म्हणतो, तो चुकीचं बोलत नव्हता.

“व्यंकू,” मी म्हणालो, “ती कशी दिसायची ते मला माहीत आहे. तिने काय काढलंय ते माहीत नाही.”

“नाना, अम्मा माझीपण होती!”

“होती. म्हणून रविवारी ये, तुला दाखवतो.”

“तुम्ही बंद करा, मी इथून चालू करीन. रात्रभर बसेन.”

गिरणीत माग बिथरला की नवा पोरगा आधी बटणं दाबत बसायचा. जॉबर तसं करत नाही. तो आधी पट्टा काढतो. पट्टा निघाला की मागाला ताकद कुठून मिळणार? मी खाली वाकलो, टेबलामागे हात घातला आणि भिंतीवरच्या नेटच्या डब्यात गेलेली निळी वायर ओढून काढली.

“नाना? नाना, काय केलंत? मला दिसेनासं झालं.”

“पट्टा काढला,” मी म्हणालो आणि फोन उशीखाली ठेवला. तो उशीखाली वाजत राहिला. मी ढाल बंद केली. या वेळी ती करडीच राहिली.

“जा रे वॉचमन,” नागनाथ म्हणाला. त्यालाही ते माहीत होतं. “चहा पिऊन ये.”

प्रोग्रॅम क्वारंटाइनमधून बाहेर काढायला आम्हाला बराच वेळ लागला. एक यादी होती, त्यात त्याचं नाव होतं, शेजारी ‘रिस्टोअर’ असं बटण होतं. ते दाबल्यावर, खात्री आहे का असं विचारलं. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, धोका आहे, तरी खात्री आहे का. “हे तर मुलगी बघायला आल्यासारखं विचारतंय,” नागनाथ म्हणाला. मी पुन्हा हो म्हटलं.

मग जी अडचण आली ती आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला आली नसती. प्रोग्रॅम उघडायला लागला आणि माझ्या ध्यानात आलं की शेवटची नक्षी आता आपोआप पडद्यावर येणार. उतरायच्या आधी. मी झटक्यात मान वळवली.

“नागनाथ, बघू नको!”

“मी कशाला बघतोय,” तो म्हणाला. त्याने डोळे घट्ट मिटले होते. “पण मग बटण कसं दाबायचं बे?”

दोघेही भिंतीकडे तोंड करून उभे. उशीखाली फोन वाजतोय. शेवटी नागनाथने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोळे मिटूनच माझ्या हातात दिला. मी तो चाचपडत पडद्यावर टाकला, वरची एक पट्टी तेवढी उघडी राहील असा. पट्टीत बटणं होती. मी एका डोळ्याने वरच्या कडेने बघितलं. टॉवेल जाड होता, नागनाथच्याच शेडमधला, खालचं काही दिसत नव्हतं. एका बटणावर छोटं कार्ड काढलेलं होतं, भोकं पाडलेलं.

मी ते दाबलं. आतमध्ये काहीतरी घरघरलं. नागनाथने आधीच लावून ठेवलेल्या पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकायला लागला आणि किती तरी वेळ लुकलुकत राहिला. अनसूयेच्या वेळी एवढा वेळ कधी लागायचा नाही. मला शंका आली की व्यंकटेश म्हणाला तेच चाललंय आणि आत सगळं जळतंय. हात वायरकडे जात होता. गेला नाही. मग दिवा थांबला.

नागनाथने प्रोग्रॅम बंद करून घेतला, मग टॉवेल काढला. मी निळी वायर परत लावली.

“ये आता, बस जागेवर,” मी म्हणालो.

ढाल लाल झाली. फोन घेतला तेव्हा पलीकडून व्यंकटेशचा नुसता श्वास ऐकू आला. मी “झालं” म्हणालो. त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू झाला नाही. काळा पडदा आणि वर इंग्रजीत चार ओळी. मी बटण दाबून बघितलं, वायर काढून लावली, मागून थापटलं. काही नाही. अर्धा तास त्याच्यासमोर बसलो. तिरुपतीचा फोटो मला आठवत होता, डोक्याचे केस दिलेले, पदर नीट घेतलेला, ऊन डोळ्यांवर. तो डोळ्यांपुढे आणून बघितला. आला. मग उठून शेडला गेलो.

पंचिंगवाल्याने नागनाथला विचारलं होतं, “मामा, मोर काढलाय की अख्खं गाव?” नेहमी नक्षीचा एकच भाग काढतात, तोच आरशासारखा उलटा करून बाकीची चादर भरतात. त्याने कार्डं कमी लागतात. अनसूयेने या वेळी तसं केलंच नव्हतं. डावीकडचं उजवीकडे कुठे जुळत नव्हतं. सगळी चादर घर न् घर स्वतः भरली होती. म्हणून तो दिवा एवढा वेळ लुकलुकत होता. आणि म्हणून ती दवाखान्याची तारीख पुढे पुढे ढकलत होती, हेही मला तेव्हा कळलं. “एवढं होऊ दे,” म्हणायची. मला वाटायचं, व्यापाऱ्याची घाई असेल.

कार्डं ओवून झाली. माग मी लावला. सहा महिने बंद पडलेला, उंदरांनी दोऱ्या कुरतडलेल्या. तेल घातलं, दोऱ्या बदलल्या, कार्डांची माळ वर चढवली. मग नागनाथ मागावर बसला आणि मी शेडच्या दाराशी स्टूल ओढून घेतलं. मागाकडे पाठ करून बसलो.

“आता कशाला?” नागनाथ ओरडला. “आता तर उतरतेय की!”

“उतरायला लागलीय. उतरली नाही. तू वीण.”

मागाच्या आवाजात मला सगळं ऐकू येत होतं. दोरा तुटला की मी न वळता सांगायचो, तुटला, आणि नागनाथ आईवरून शिवी घालून जोडायचा. संध्याकाळ होत आली. भंगारवाल्याचा माणूस येऊन डोकावून गेला. “अजून आहे का हे धूड?” “आहे,” मी म्हणालो, “आणि तू दारातून हो बाजूला, उजेड अडतोय.”

मग माग थांबला. दोरा तुटल्याचा आवाज नव्हता आला.

“काय झालं?”

 कात्रीचा आवाज आला. मग त्याच्या चपलांचा. त्याने चादर माझ्या पुढ्यात जमिनीवर टाकली आणि दोन्ही हातांनी पसरली.

“हे घे,” तो म्हणाला. “मोर नाही बे. माणूस आहे.”

मरून रंगाच्या जमिनीवर पांढऱ्या सुताने एक माणूस काढला होता. खुर्चीवर बसलेला, उंबऱ्याच्या आत, बाहेर गल्ली. तोंड दिसत नव्हतं. पाठमोरा होता. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, गिरणीत वीस वर्षं एका बाजूने पाना ओढल्यावर होतो तसा. डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल, रुपयाएवढं. खुर्चीच्या पायाशी चहाचा कप. बनियनला पाठीवर एक छोटं भोक होतं, तेसुद्धा तिने काढलं होतं. ते भोक कितीदा शिवते म्हणाली होती आणि मी राहू दे म्हणालो होतो.

मी पुढे गल्ली बघत होतो. ती मला बघत होती.

“पाठ कुणाची कळलं का?” नागनाथ म्हणाला.

“गप बस.”

“टक्कल मात्र वहिनीने लहान दाखवलंय.”

“गप बस म्हणतो ना.”

 तो मागे जाऊन दुसरी चादर विणायला लागला, मी न सांगता. शनिवारी भंगारवाला आला. माग तुटताना बघायला मी थांबलो नाही. दोन्ही चादरी बगलेत मारून घरी आलो.

रविवारी व्यंकटेश आला. दारातच बूट काढत म्हणाला, “बॅग भरलीत का?” आणि उत्तराची वाट न बघता कॉम्प्युटरपाशी गेला. बटणं दाबली. काळा पडदा, चार ओळी. त्याने त्या वाचल्या. पाठीमागून मला त्याचे खांदे खाली जाताना दिसले.

“संपलं,” तो म्हणाला. “त्या घाणीने सगळं कुलूपबंद केलंय. काही निघणार नाही आता. सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस.”

“लग्नाचे नाहीत. तिरुपतीचे नाहीत. मला भीती होती तेच केलंत. नाना, तुम्हाला बंद करताना जरासुद्धा भीती नाही वाटली?”

“कशाची? जे जायचं होतं ते गेलेलंच होतं की.”

तो रागाने वळला. मी चादर पलंगावर पसरून ठेवली होती. त्याची नजर तिच्यावर पडली. आधी त्याला कळलं नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराशी ठेवलेल्या खुर्चीकडे, मग परत चादरीकडे. बनियनच्या भोकापाशी त्याचं बोट थांबलं.

“मी अभ्यास करायचो तेव्हा तुम्ही असेच बसायचात,” तो म्हणाला. “मला वाटायचं, नाना आमच्यावर रुसलेत.”

“तुझ्या आजोबांचा नेम होता.”

“तिला नेम नव्हता?”

“तिला नव्हता. ती बघू शकत होती.”

तो पलंगाच्या कडेला बसला, चादरीला धक्का लागणार नाही असा. मी चहा ठेवला. चहा झाल्यावर त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि लगेच मुलगा झाला. म्हणजे हुकूम सोडायला लागला.

“ही काचेत लावायची. पुण्यात माझ्या ओळखीचा फ्रेमवाला आहे. ऊन लागू द्यायचं नाही, धुवायची तर अजिबात नाही. आणि तुमची बॅग कुठे आहे?”

“बॅग नाही. मी येत नाही.”

“नाना, इथे एकटे राहून करणार काय?”

“बसणार. खुर्ची आहे.”

“आणि परत असलं काही केलंत तर?”

“परत काय करणार? कॉम्प्युटर तर मेला.”

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. दुसरी चादर मी त्याच्या पिशवीत घातली. “ही तुझी. काचेत लाव नाहीतर डोक्यावर घे. माझी मी पांघरणार.”

“खराब होईल हो!”

“चादर आहे ती.”

मी पलंगावरची चादर उचलली, मोरीत नेली, बादलीत बुडवली. मागावरची खळ आणि तेल होतं तिला, तशीच कोण अंगावर घेणार? व्यंकटेश मोरीच्या दारात उभा राहून “नाना, नाना” करत होता. मी साबण लावला आणि चांगली खळखळ धुतली. बादलीत पाणी बघितलं. स्वच्छ. मरूनचा एक थेंब सुटला नव्हता.

“बघ,” मी त्याला म्हणालो. “सोलापूरची आहे. तुझ्या अम्माची आहे. रंग जात नाही.”

मग घराबाहेर गल्लीतल्या तारेवर ती सगळ्यांना दिसेल अशी टाकली. सहा वर्षं झाली, अजून तिथेच वाळत घालतो. त्या दिवशी समोरची कुरापाटीची म्हातारी ओट्यावरून उठून बघायला आली आणि चादरीतल्या पाठीकडे बोट करून म्हणाली, “हे काय हो अंबादास, माणसाने असं गल्लीकडे पाठ करून बसावं का?”

“आता बसावं,” मी म्हणालो. खुर्ची आत वळवली, आणि गल्लीकडे पाठ करून, तिच्या टेबलाकडे तोंड करून बसलो.